पंप तोच, पाणी कोणाला?

वाचकाचे पत्र

‘मी एका तालुक्याच्या गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात नऊ वर्षांपासून मेकॅनिकल विभागात शिकवते. फ्लुइड मेकॅनिक्स आणि थर्मोडायनॅमिक्स हे माझे विषय. यंदा सब्जेक्ट अलॉटमेंटच्या वेळी नव्या अभ्यासक्रमातला मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा विषय माझ्याकडे आला. कारण एवढेच की माझा लोड दोन तासांनी कमी भरत होता. “नोट्स काढून द्या, मुले पास होतील,” असे मला सांगण्यात आले. बारावीनंतर मी ना कधी कविता वाचली, ना समाजशास्त्राचे पुस्तक उघडले. पहिल्याच आठवड्यात मुलांनी विचारले, “मॅडम, प्लेसमेंटला याचा काय उपयोग?” मला उत्तर देता आले नाही. निम्म्याहून अधिक मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत आणि इंग्रजीत एक परिच्छेद लिहायला सांगितला की वर्ग गप्प होतो. हा विषय माझ्यासारखीला प्रामाणिकपणे शिकवता येईल का, की सरळ नोट्स देऊन मोकळे व्हावे?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्यावर अन्याय झाला आहे, हे आधी सांगतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते त्या अन्यायाचे समर्थन वाटणार नाही. लोड भरत नाही म्हणून एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाला उद्यापासून थर्मोडायनॅमिक्स शिकवायला कोणी सांगणार नाही. उलट दिशेने मात्र हे सर्रास घडते, कारण हे विषय कोणालाही शिकवता येतात अशी आपल्या महाविद्यालयांची पक्की समजूत आहे. मी स्वतः सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे माझीही समजूत तीच होती. ती कशी गेली ते पुढे सांगेन.

पहिली विनंती विभागप्रमुखांकडे करा आणि ती लेखी करा. आपल्याकडच्या अनेक शिक्षण संस्थांचे एकाच आवारात अभियांत्रिकी महाविद्यालय असते आणि कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयही असते. दोन्हींचे फाटक एक, कँटीन एक, पण अध्यापकांची एकमेकांशी तोंडओळखही नसते. तुमच्या आवारात किंवा गावात तसे महाविद्यालय असेल, तर तिथे समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मराठी शिकवणारे कोणी तरी नक्की आहे; बहुधा नेट-सेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आहे. त्या व्यक्तीला निम्मे तास द्यावेत, तिचे मानधन वेळेवर आणि सन्मानाने मिळावे आणि निम्मे तास तुम्ही वर्गात तिच्याबरोबर उभे राहावे, अशी मागणी करा. ज्या विषयाचा अभ्यास करण्यात एखाद्याने उमेदीची वर्षे घातली आहेत, तो विषय त्याच्या फाटकाआतच चार पानांच्या नोट्सवर शिकवला जावा, ही गोष्ट मला मनापासून खुपते. मागणी मान्य होईलच असे नाही, म्हणून पुढचा सारा सल्ला तुम्ही एकट्याच वर्गात उभ्या आहात असे धरून देतो.

हा विषय म्हणजे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणलेली नवी टूम आहे, असे तुमच्या स्टाफरूममध्ये बोलले जात असेल. त्या धोरणात आयआयटीसारख्या संस्थांनीही कला आणि मानव्यविद्यांकडे अधिक वळावे असे म्हटले आहे हे खरे. पण विचार त्याहून फार जुना आहे. अमेरिकेतील एमआयटीने दुसऱ्या महायुद्धानंतर नेमलेल्या समितीच्या १९४९ च्या अहवालातून तिथे मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र शाखा उभी राहिली, आणि आज तिथल्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला, मग तो रॉकेटचा अभ्यास करो की संगणकाचा, या क्षेत्रातले आठ विषय पूर्ण करावे लागतात. आयआयटी मुंबईत या विषयांचा स्वतंत्र विभाग आहे; शिवाय ‘सितारा’ या नावाने ओळखले जाणारे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून काम करते आणि तिथल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष खेड्यात जाऊन राहावे लागते. आणि ज्यांच्या जयंतीला आपण अभियंता दिन साजरा करतो, ते विश्वेश्वरय्या बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून आधी बी.ए. झाले आणि मग पुण्यात येऊन १८८३ मध्ये अभियंता झाले. इतिहास एवढा पुरे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तुम्हाला समाजशास्त्र येत नाही, पण फ्लुइड मेकॅनिक्स येते, आणि माझ्या मते तुमच्या वर्गाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. अपरिचित विषयाच्या व्याख्या फळ्यावर लिहिण्यापेक्षा, जो विषय तुम्हाला आतून माहीत आहे त्याच्यातच दडलेली माणसे मुलांसमोर आणा. त्यासाठी मी पाणी पंचायतीचे उदाहरण सुचवतो.

ती उभी करणारे विलासराव साळुंखे हे पुण्यात स्वतःचा कारखाना चालवणारे अभियंते. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील माणसे त्यांनी खडी फोडताना पाहिली आणि त्यानंतर ते नायगावला गेले. तिथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीने कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला आणि पाणी उचलून शेतीला दिले. इथपर्यंत जे झाले ते कोणत्याही चांगल्या अभियंत्याने केले असते. वेगळे होते ते नियम. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मिळाला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नव्हता. उसाला मनाई होती. आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी स्वतः उभा करायचा होता.

वर्गात हे गोष्टीसारखे सांगू नका. आधी गणित द्या. सेकंदाला २० लिटर पाणी ४० मीटर एकूण हेडवर, म्हणजे पाइपमधले घर्षण धरून येणाऱ्या एकूण उंचीवर, उचलायचे आहे आणि पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के आहे, तर किती अश्वशक्तीचा पंप लागेल? तुमची मुले दहा मिनिटांत साधारण १२ किलोवॉट, म्हणजे १६ अश्वशक्तीच्या आसपासचे उत्तर आणतील आणि वर्ग संपला असे समजून वह्या मिटतील. तेव्हा दुसरा भाग फळ्यावर लिहा. हे पाणी ५० एकरांना पुरते. गावात २० कुटुंबे आहेत, प्रत्येकात पाच माणसे, आणि एकूण जमीन १०० एकर. त्यातली ६० एकर चार कुटुंबांकडे आहे, ४० एकर बारा कुटुंबांत विभागलेली आहे आणि चार कुटुंबांकडे काहीच नाही. आता पाणी वाटा.

जमिनीच्या प्रमाणात वाटले तर चार मोठ्या कुटुंबांना ३० एकरांचे पाणी मिळते, बारा कुटुंबांना मिळून २० एकरांचे आणि भूमिहीनांना शून्य. माणशी अर्धा एकर धरले तर त्याच चार मोठ्या कुटुंबांना मिळून १० एकरांचे, बारा कुटुंबांना ३० एकरांचे आणि चार भूमिहीन कुटुंबांना १० एकरांचे मिळते. पंपाची अश्वशक्ती दोन्ही उत्तरांत तीच राहते, पाइपचा व्यास तोच राहतो, विजेचे बिलही तेच येते. मुलांना विचारा की यातले बरोबर उत्तर कोणते, आणि मग शांत राहा.

वर्गातली शांतता पहिल्यांदा मोडेल ती उसाच्या पट्ट्यातून आलेल्या एखाद्या मुलाच्या आवाजाने. तो म्हणेल की आमच्या वडिलांनी कर्ज काढून जमीन घेतली आहे, आम्हाला कमी पाणी का? त्याला गप्प करू नका. त्याचा प्रश्न खरा आहे आणि मालमत्तेचा हक्क, श्रम, कर्ज यांविषयी शतकानुशतके जे लिहिले गेले त्याच्या अगदी मध्यावर तो मुलगा उभा आहे; फक्त हे त्याला कोणी सांगितलेले नाही. दुसरे कोणी विचारेल की भूमिहीन माणूस त्याच्या वाट्याचे पाणी घालणार कुठे? तोही प्रश्न नेमका आहे, कारण तिथून वाटेकरी, खंड, मजुरी हे सगळे शब्द वर्गात येतात आणि गावातल्या नात्यांची चर्चा सुरू होते. तुम्हाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येण्याची गरज नाही. ‘मला माहीत नाही, पुढच्या तासापर्यंत आपण दोघे शोधू’ हे वाक्य अभियांत्रिकीच्या वर्गात मुलांनी फारसे ऐकलेले नसते आणि त्याचा परिणाम तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.

याच्या शेजारी खानदेशातली फड पद्धत ठेवा. पांझरेसारख्या नद्यांवरचे जुने बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि त्यांच्याखालचे फड, म्हणजे शेतजमिनीचे मोठे गट, ही रचना काही शतकांची आहे. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि शेतकऱ्याने स्वतः पाणी न घेता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने ते द्यायचे. भारतीय ज्ञानपरंपरेचा जो विषय नव्या अभ्यासक्रमात आला आहे, तो शिकवायचा तर असा शिकवावा असे मला वाटते: रचना कशी चालत होती, तिच्यात कोणाला स्थान होते, कोणाला नव्हते आणि ती आज बऱ्याच ठिकाणी का मोडली. पूर्वजांचा नुसता गौरव करून मुलांच्या हाती काही लागत नाही.

आता माझी समजूत कशी गेली ते सांगतो. पाणीपुरवठा योजनेच्या सर्वेक्षणासाठी मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एका गावी नेले होते. लेव्हल घेतल्या, लोकसंख्येचा अंदाज काढला, माणशी रोजचे पाणी धरून टाकीचा आकार ठरवला आणि सार्वजनिक नळ कोठे ठेवायचे ते नकाशावर मांडले. गावात आधीच्या योजनेचा एक नळ होता. जागा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती; त्या भागात सर्वांत चांगला दाब तिथेच मिळत होता. परतल्यावर फील्डबुके तपासताना एका मुलाच्या वहीत मला त्या नळाच्या खुणेशेजारी पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली: ‘इथे बायका येत नाहीत. का?’ ओळ लिहून त्याने ती खोडली होती, पण खोडरबर वापरले नव्हते, फक्त एक आडवी रेघ मारली होती. मी त्याला विचारले तर तो म्हणाला, “सर, ते रिपोर्टात बसत नाही.”

नळ पाराला लागून होता. सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे पाणी सुटते नेमक्या त्याच वेळी, पारावर गावातली वडीलधारी पुरुषमंडळी बसलेली असत आणि सुनांना त्यांच्यासमोर पदर सावरत हंडे भरावे लागत, म्हणून त्या अर्धा किलोमीटर चालून विहिरीवर जात. हे मला नंतर कळले, त्या मुलाने पुन्हा जाऊन विचारल्यानंतर. त्या वेळी मी काय केले? त्याला टाकीच्या गणितासाठी पूर्ण गुण दिले आणि पेन्सिलीची ओळ तशीच सोडली. आमच्या रिपोर्टच्या नमुन्यात त्या ओळीसाठी खरोखरच जागा नव्हती, आणि तो नमुना मीच तयार केलेला होता. ज्या जिल्ह्यांत १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह झाल्याची गोष्ट प्रत्येक मूल शाळेत शिकते, त्याच जिल्ह्यांत आम्ही नळाची जागा केवळ कंटूर, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, पाहून ठरवत होतो. पाण्याजवळ कोण जाऊ शकते हा अभियंत्याचा प्रश्न आहे, हे मला एका वीस वर्षांच्या मुलाच्या खोडलेल्या ओळीने शिकवले.

भाषेविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याकडे येतो, कारण तिथे तुमच्या हाती मोठी संधी आहे असे मला वाटते. मुले इंग्रजीत गप्प होतात. मग पहिला मसुदा मराठीत लिहू द्या. विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत असेल तर अंतिम पान इंग्रजीत करून घ्या, पण विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत तो आधी उमटू द्या. आणि मराठी शब्दांकडेच त्यांना बारकाईने बघायला लावा. ‘बुडीत क्षेत्र’ आणि ‘लाभक्षेत्र’ हे दोन शब्द घ्या. नकाशावर दोन्ही हेक्टरमध्ये मोजले जातात, पण एकात कोणाचे तरी गावठाण, शाळा, स्मशान आणि विहीर असते. ‘प्रकल्पग्रस्त’, ‘धरणग्रस्त’, ‘लाभार्थी’ हे शब्द कोण कोणासाठी वापरते, कोणी स्वतःची ओळख अशी करून देते का, यावर एक तास सहज निघेल. पुण्याजवळची मुले मुळशीला सहलीला जातात. मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. आणि महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये. मधल्या पंचावन्न वर्षांत किती धरणे झाली, त्यांची यादी मुलांकडून करवून घ्या. कवितेची तुम्हाला धास्ती वाटते असे दिसते. ती सध्या बाजूला ठेवा. एका शब्दावर तासभर थांबण्याची सवय लागली की कविता आपोआप जवळ येते.

मूल्यमापनाच्या बाबतीत मी ठाम आहे. बहुपर्यायी प्रश्नांनी हा विषय तपासता येत नाही. सत्तर मुलांचा वर्ग असेल तर दर आठवड्याला सत्तर निबंध तपासणे शक्य नाही हेही मला कळते. म्हणून टर्म वर्कचे गुण एका फील्ड वहीला आणि पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेला द्या. वही हाताने लिहिलेली असावी, तिच्यात ऐकलेले वाक्य बोलणाऱ्याच्याच शब्दांत असावे आणि खोडलेले खोडलेले दिसावे. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नका. वहीतले एक पान उघडून ‘हे असे का लिहिलेस?’ एवढेच विचारा. ज्याने मित्राची वही उतरवली आहे तो या प्रश्नावर अर्ध्या मिनिटात थांबतो.

अधिकृत पाठबळ हवे असेल तर ते तुमच्याच कपाटात आहे. एनबीएच्या, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या, मानांकनासाठी आपण सगळे वर्षानुवर्षे ज्या बारा पीओंचे (पदवीधराला काय यावे याच्या अपेक्षांचे) तक्ते भरत आलो, त्यांतला सहावा अभियंता आणि समाज यांच्याविषयी होता, सातवा पर्यावरणाविषयी, आठवा नीतीविषयी, आणि पुढे गटात काम करणे, संवाद वगैरे. सीओ-पीओ मॅपिंग करताना, म्हणजे आपला विषय या अपेक्षांना किती हातभार लावतो ते १ ते ३ अंकांत मांडताना, या रकान्यांत आपण सवयीने १ किंवा २ लिहितो. यंदा तुमच्याकडे तिथे ३ लिहिण्याजोगे काही असेल आणि पुरावा म्हणून मुलांच्या वह्या असतील. विभागप्रमुखांशी बोलताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

राहिला प्लेसमेंटचा प्रश्न. या विषयामुळे नोकरी मिळेल असे मुलांना सांगू नका. पहिल्या नोकरीच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये पाणी पंचायतीवर प्रश्न येणार नाही आणि खोटे आश्वासन देऊन सुरू केलेला तास मुलांना लगेच ओळखू येतो. कर्ज काढून फी भरणाऱ्या घरातल्या मुलाने ‘उपयोग काय?’ असे विचारणे अगदी रास्त आहे. त्याला एवढेच सांगा की आज ना उद्या तो कोणत्या तरी गोष्टीचा नकाशा काढणार आहे, सॉफ्टवेअर लिहिणार आहे, मशीन बसवणार आहे, आणि ती वस्तू वापरणारी माणसे त्याला कधी दिसणार नाहीत. त्यांच्याकडे बघायला शिकण्याची जागा त्याच्या चार वर्षांच्या वेळापत्रकात हीच एक आहे. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तुमच्या वर्गात पाटकऱ्याचा मुलगा असेल, यंत्रमागावर काम करणाऱ्याची मुलगी असेल, उसतोडीला जाणाऱ्या घरातले कोणी असेल. आजवर प्रत्येक विषयाने त्यांना घरी काय माहीत आहे ते वर्गाबाहेर ठेवायला शिकवले. त्या घरच्या माहितीला इथे पहिल्यांदा गुण मिळतील, आणि ते गुण त्यांनी कमावलेले असतील.

म्हणून नोट्स देऊ नका. पुढच्या तासाला कोणी विचारेलच, “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” तेव्हा हो म्हणा आणि हा प्रश्न फळ्यावर लिहून द्या, उत्तरासाठी दोन आठवडे द्या:

‘तुमच्या गावातला किंवा वस्तीतला पाण्याचा एक सार्वजनिक नळ, हातपंप किंवा टाकी निवडा. ती नेमकी त्याच जागी का आहे, हे तीन माणसांना विचारा. त्यांतली एक तरी बाई असावी, आणि एक तरी व्यक्ती अशी असावी जिच्या घरापर्यंत ते पाणी पोहोचत नाही. तिघांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा. मग त्या जागेचा नकाशा काढा.’